चाकं नसलेली खुर्ची

आमच्या कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर एक क्रमांक पडतो. तो टाकणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या टेबलाशी बसतात. त्यांच्या नोंदवहीत क्रमांक आणि तारीख पडली की पत्र कार्यालयाचं होतं. तोपर्यंत त्यावर कोणाचीही सही असो, तो नुसता कागद. सव्वीस वर्षं त्या हे काम करत आहेत. आवकही त्याच बघतात, पण सगळे त्यांना जावकताई म्हणतात, कारण घाई असते ती पत्र बाहेर पाठवायची. आलेलं पत्र उघडायची घाई मी कोणाला पाहिलेली नाही.

तीन वर्षांच्या असताना तापात त्यांचे दोन्ही पाय गेले. त्या दोन कुबड्यांवर चालतात आणि जिना उतरू शकत नाहीत. सपाट जागेवर मात्र त्यांचा वेग असा असतो की समोरून येणाऱ्याने बाजूला व्हावं. खांदे पहिलवानासारखे. मदत लागली तर स्पष्ट मागतात, लागली नाही तर पुढे आलेला हात नजरेनेच मागे पाठवतात. त्यांच्या नोंदवहीत खाडाखोड सापडणार नाही. मी स्वतः वह्या सांभाळणारा माणूस आहे, मला कार्यालयात वहीवालेच म्हणतात, तेव्हा हे मी उगाच कौतुक म्हणून लिहीत नाही.

त्यांचं टेबल आधी तळमजल्यावर होतं. दाराजवळ, खिडकीपाशी. टपाल तिथेच येई, तिथूनच जाई. बारा वर्षांपूर्वी त्या जागी काचेचं दार बसवून पाहुण्यांसाठी बैठक केली. निळा सोफा, कुंडीतलं झाड, भिंतीवर धबधब्याचं चित्र. जावकताईंना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. लिफ्ट आहे ना, असं सांगितलं. त्या सोफ्यावर बारा वर्षांत किती पाहुणे बसले हे मला दारवानाने सांगितलेलं आहे. दुपारी तो स्वतःच तिथे बसतो, तेवढाच काय तो उपयोग.

लिफ्ट आहे, हे खरं. पण लिफ्टच्या दाराशेजारी लाल अक्षरांत लिहिलेलं आहे की आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. ती पाटी आणि ती बाई रोज सकाळी समोरासमोर येत होत्या. आम्ही दोघींनाही बघत होतो.

वर्षातून दोनदा आमच्याकडे आगीचा सराव होतो. आदल्या दिवशी परिपत्रक फिरतं, उद्या अकरा वाजता. त्यामुळे पावणेअकरापासूनच माणसं एकेक करून खाली उतरायला लागतात. कोणाला चहा प्यायचा असतो, कोणाला फोन करायचा असतो. अकराला भोंगा वाजतो तेव्हा निम्मं कार्यालय आधीच फाटकाबाहेर उभं असतं. मी हजेरीची वही घेऊन नावं पुकारतो, प्रत्येक नावापुढे खूण करतो, आणि चौऱ्याऐंशी खुणा झाल्या की घड्याळ बघून वेळ लिहितो. कधी तीन मिनिटं तीस सेकंद, कधी तीन चाळीस. चार मिनिटांच्या वर आम्ही कधी गेलो नाही. वरिष्ठ कार्यालयाने एकदा आम्हाला शाबासकीचं पत्र पाठवलं होतं. त्याचा आवक क्रमांकही जावकताईंनीच टाकला.

त्या चौऱ्याऐंशी खुणांत एक खूण त्यांची असे, आणि त्या वर असत.

तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर पहिला सराव आला तेव्हा त्या वेळचे साहेब मोठ्या प्रेमाने म्हणाले होते की, ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही खालीच आहात असं आम्ही धरतो. ताईंनी विचारलं होतं, खरी आग लागली तरी असंच धरणार का? सगळे हसले. मीही हसलो. आणि खूण केली. बारा वर्षं, वर्षाला दोन, अशा चोवीस खुणा माझ्या हातच्या आहेत. साहेब बदलले, वही बदलली, खूण बदलली नाही.

आता मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. दोन वर्षांपूर्वी एका फॉर्मवर त्यांची सही हवी होती आणि त्या तापाने घरी होत्या, म्हणून रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भाऊ, वहिनी आणि त्या. दाराशीच खुंटीला त्यांची रोज कार्यालयात आणायची पिशवी टांगलेली होती. माझं लक्ष गेलेलं पाहून त्यांनी आतलं सामान दाखवलं. विजेरी, औषधांची यादी, कागदपत्रांच्या नकला, शिट्टी, आणि कुबडीच्या टोकाला लावायची दोन रबरं. जुनं रबर ओल्या फरशीवर घसरतं, म्हणाल्या. घराची किल्ली उंच खिळ्यावर नव्हती, कमरेइतक्या उंचीवर होती. गॅसच्या टाकीपुढे एकही डबा ठेवायचा नाही असा नियम होता. काही वर्षांपूर्वी एका दुपारी त्या घरात एकट्या असताना गॅसची नळी गळायला लागली होती आणि टाकीपुढे पिठाचे तीन डबे होते. ते सरकवून बटणापर्यंत हात पोहोचेतो त्यांना जो वेळ लागला, त्या वेळात हे सगळे नियम तयार झाले.

मी निघणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, थांबा, आज पहिला रविवार आहे, बघून जा. तळमजल्यावर राहणारा ट्रकचालक वर आला. ताई ताप असतानाही एका साध्या लाकडी खुर्चीवर बसल्या, कमरेला पट्टा बांधला. खुर्ची मागे कलती केली, चालकाने पाठ धरली, भावाने पुढचे पाय, आणि दोघे त्यांना घेऊन जिना उतरायला लागले. वहिनी हातात घड्याळ घेऊन मागे.

“निघाली नणंदबाईंची स्वारी,” वहिनी मला म्हणाल्या. “आम्ही लग्नानंतर कुठे फिरायला गेलो नाही, पण दर महिन्याला जिना मात्र उतरतो.”

“एकदा हिला खालीच ठेवून येणार आहे मी,” भाऊ धापा टाकत म्हणाला.

“वळणावर डावीकडे घे, दादा, बोलू नकोस,” ताई खुर्चीतून म्हणाल्या.

दोन मजले, साडेतीन मिनिटं. खुर्चीला प्लास्टिकचे पाय असतील तर ते वाकतात, चाकं असतील तर ती पायरीवरून सटकतात, जास्त ताकदीचा माणूस नेहमी वरच्या बाजूला, आणि खरी अडचण उताराची नसते, वळणाची असते. हे सगळं त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. मी मान डोलावली, सही घेतली, घरी आलो. त्यानंतर तीन सराव झाले. तीनही वेळा मी खूण केली.

काही महिन्यांपूर्वी एका मंगळवारी साडेअकरा वाजता भोंगा वाजला. परिपत्रक नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या विजेच्या खोलीत तारा जळाल्या आणि काळा धूर जिन्यात भरायला लागला. लिफ्ट जागीच बंद पडली. माणसं खरोखर पळाली. तिसऱ्या मजल्यावरची एकोणीस माणसं जावकताईंच्या देखत गेली. त्यांतलं कोणी दुष्ट नव्हतं. एकाने ओरडून विचारलंही, ताई, तुमचं काय? त्या काही बोलायच्या आत मागच्याने त्याला ढकललं, त्यांची सोय असते रे, चल. त्यांची काहीतरी सोय आहे, एवढं सगळ्यांना बारा वर्षं माहीत होतं. ती सोय म्हणजे माझी वही होती.

मी वही घेऊन खाली आलो, नावं पुकारली. धुराने डोळे चुरचुरत होते. ताईंच्या नावाशी आलो आणि नाव न पुकारताच खूण केली. विचार करून केली असती तर ती चूक म्हणता आली असती. हात आपोआप चालला. पंचविसावी खूण. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला सांगितलं की सगळे चौऱ्याऐंशी बाहेर आहेत. अधिकाऱ्याने आपल्या माणसांना खुणावलं की वर कोणी नाही, आधी वीज तोडा.

तेवढ्यात दारवानाच्या खोलीतला फोन वाजला. त्याने उचलला आणि माझ्याकडे धरला.

“वहीवाले, तुमच्या वहीत मी खाली असेन,” पलीकडून ताईंचा आवाज आला, अगदी पत्राचा क्रमांक सांगावा तसा. “पण मी वर आहे. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावलाय. रस्त्याकडची शेवटची खिडकी उघडी आहे. त्यांना सांगा.”

मी सांगितलं. अधिकाऱ्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे, आणि मी वहीकडे. अग्निशमनाची दोन माणसं वर गेली आणि सहा मिनिटांनी एकाच्या पाठीवर ताई खाली आल्या. चेहरा काळवंडलेला, खोकत होत्या, पण शिट्टी गळ्यात आणि पिशवी खांद्याला. त्यांना फाटकाजवळच्या पायरीवर बसवलं. कुबड्या वरच राहिल्या होत्या. त्या आणायचं कोणाला सुचलं नाही. लोक येऊन विचारून जात होते, बरं वाटतंय ना, आणि पुढे सरकत होते. दोन तास ती बाई उन्हात त्या पायरीवर होती, कारण तिला तिथून हलताच येत नव्हतं. शेवटी भाऊ आला आणि त्याने आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, हिच्या काठ्या कुठे आहेत? साहेबांनी शिपायाला हाक मारली.

इतपत झालं असतं तर मी म्हटलं असतं, घाबरलेली माणसं, होतं असं. पण त्यानंतरचे आठ दिवस कोणी घाबरलेलं नव्हतं. पंख्याखाली बसून, चहा पिऊन, शांत डोक्याने साहेबांनी वरिष्ठ कार्यालयाला अहवाल लिहिला. सर्व चौऱ्याऐंशी कर्मचारी चार मिनिटांत सुखरूप बाहेर पडले, नियमित सरावाचा उपयोग झाला, सोबत हजेरीची नक्कल. पाठीवर बसून आलेल्या बाईचा उल्लेख नाही. मी दबकत म्हणालो की साहेब, एक नाव तसं नव्हतं. ते म्हणाले, शेवटी बाहेर आल्या ना? मग खोटं काय आहे?

ते खोटं काय आहे हे ज्या वहीत लिहिलं होतं ती माझी होती. मी नक्कल अहवालाला जोडली.

अहवाल सहीनिशी तयार झाला आणि नेहमीप्रमाणे शिपाई तो तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. क्रमांक पडायला. हे साहेबांच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं सगळी पत्रं त्या टेबलावरून जात होती, पण त्या टेबलाशी बसलेलं माणूस पत्र वाचतं हे कोणी लक्षात घेतलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत अहवाल परत आला. जावक विभागाला पत्रात ढवळाढवळ करायचा अधिकार नाही, पण सोबतचे कागद बरोबर नसतील तर पत्र परत करायचा अधिकार आहे. ताईंनी पेन्सिलीने नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, सोबतची यादी प्रत्यक्षाशी जुळत नाही, अनुक्रमांक एकोणसाठ, परत. एकोणसाठ म्हणजे त्यांचंच नाव. सव्वीस वर्षांत त्यांनी अडवलेलं हे पहिलं पत्र.

साहेब भडकले. क्रमांकाशिवाय पाठवतो म्हणाले. मी सांगितलं की क्रमांकाशिवाय वरिष्ठ कार्यालय पत्र उघडणार नाही, त्यांच्या आवकला तो लागतो. मग ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले, मला बरोबर घेऊन. आवाज अगदी मऊ केला होता. म्हणाले की ताई, तुमच्या सुरक्षिततेचा मी विचार केलाय, तुम्हाला तळमजल्यावर जागा देतो. ताईंचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांना वाटलं, निळा सोफा निघाला.

जागा दाखवायला आम्ही गेलो. ती स्टेशनरीची कोठी होती. खिडकी नाही, एकच दार, त्याला बाहेरून कडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत कागदाचे गठ्ठे, आणि मागच्या भिंतीला विजेचे मीटर. ताईंनी कुबड्यांवर उभं राहून सगळीकडे नीट पाहिलं.

“साहेब, वर धूर माझ्याकडे यायला वेळ तरी लागला,” त्या म्हणाल्या. “इथे तुम्ही मला त्याच्या घरीच राहायला पाठवताय.”

दारवान खोकला. हसू दाबत होता. साहेब म्हणाले की मग तुम्हाला हवंय तरी काय?

त्यांना फार काही नको होतं. एक सराव, परिपत्रक न काढता. त्यात त्या जिन्याने खाली येणार. त्या खाली टेकल्यावरच त्यांच्या नावापुढे खूण, आणि तेव्हा घड्याळात जे असेल ते वहीत. आणि आधीच्या यादीतली चूक दुरुस्त. एवढं झालं की क्रमांक पडेल.

यादी दुरुस्त करणं माझ्याकडे होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया आवळल्या. निवृत्तीला माझे चौदा महिने राहिले होते आणि ते त्या भुवयांत स्पष्ट लिहिलेलं होतं. वही कशी दुरुस्त करायची हे मला शाळेपासून येतं. खोडरबर नाही, गिरवणं नाही. चुकीवर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर ते, खाली सही आणि तारीख. एकोणसाठपुढच्या खुणेवर मी रेघ मारली आणि लिहिलं, तिसऱ्या मजल्यावर. इतकं लहान काम. बारा वर्षं लागली.

सरावासाठी खुर्ची शोधायला गेलो आणि लाज वाटली. चौऱ्याऐंशी माणसांच्या कार्यालयात प्रत्येक खुर्चीला चाकं. चाकं नसलेल्या, हातांच्या, लाकडी अशा दोनच खुर्च्या निघाल्या, त्याही साहेबांच्या खोलीत, भेटायला येणाऱ्यांसाठी. त्यातली एक ताईंनी मागून घेतली. साहेबांच्या देखत तिच्यावर बसून, पाठ हलवून पाहिली, आणि चालेल म्हणाल्या.

दोन शिपाई तयार केले. थोरल्याला सगळे पहिलवान म्हणतात, तो पाठीकडून. ताईंनी त्यांना भिंतीजवळ तीन वेळा उचलायला लावलं. पहिलवान म्हणाला, ताई, तुमच्यापेक्षा तुमची पिशवी जड आहे. त्या म्हणाल्या की पिशवी येणारच, तू हवं तर राहा.

सराव गुरुवारी झाला, सव्वाबाराला. भोंगा वाजला, माणसं उतरली, मी नावं पुकारली. चार मिनिटं वीस सेकंदांनी एक्याऐंशी खुणा झाल्या. एकोणसाठपुढची आणि त्या दोन शिपायांपुढची जागा रिकामी. सगळे उन्हात उभे. पाच मिनिटं झाली, सहा झाली. वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग पहिलवानाचं ओरडणं. पहिल्या मजल्याच्या वळणावर जुन्या फायलींचं एक लोखंडी कपाट आहे. तात्पुरतं म्हणून ठेवलं त्याला आठ वर्षं झाली. सरळ उभा माणूस त्याच्या कडेने अंग चोरून जातो, खुर्ची जात नाही. वर तिघं अडकली होती. दारवान आणि एक टंकलेखक धावत वर गेले आणि कपाट ओढायला लागले. फरशीवर लोखंड घासल्याचा तो आवाज सगळ्यांनी ऐकला. धूर असता तर त्या जागी काय झालं असतं ते दिसत होतं, आणि त्या मंगळवारी त्याच कपाटाजवळून एकमेकांना ढकलत उतरलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती.

साहेब माझ्याजवळ आले. “वेळ लिहून टाका. सराव चार वीसलाच संपला. उरलेलं काय ते वेगळं.”

“तीन नावं राहिलीत, साहेब.”

“ती येतायतच की. खुणा करा.”

मी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. नोकरीत वरिष्ठांना नाही म्हणायची माझी सवय नाही, त्यामुळे शब्द सापडले नसते. टोपण मात्र चांगलं घट्ट बसलं.

अकरा मिनिटं वीस सेकंदांनी खुर्चीचे चारही पाय फाटकाबाहेरच्या फरशीवर टेकले. पहिलवान घामाने भिजलेला. ताईंच्या कोपराला कपाटाच्या कडेने खरचटलं होतं. कुबड्या या वेळी दारवानाने न सांगता आणल्या. मी पेन काढलं, तिन्ही खुणा केल्या, वेळ लिहिली, आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आकडा वाचला.

“घरी साडेतीन लागतात,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या जिन्यात कपाट नाही.”

दुरुस्त यादी, नवा सराव आणि अकरा वीस, असं सगळं लिहिलेला अहवाल दुसऱ्या दिवशी क्रमांक पडून गेला. साहेबांना काही झालं नाही. वरिष्ठ कार्यालयाने उत्तरात विचारलं आहे की मागच्या चोवीस सरावांच्या वेळा मग कशा आल्या होत्या. ते उत्तर मला लिहायचं आहे, आणि मी खरं लिहिणार आहे. कपाट हललं. पुढच्या सरावात सहा मिनिटं दहा सेकंद लागली. निळा सोफा जागच्या जागी आहे आणि जावकताई अजून तिसऱ्या मजल्यावर आहेत. पाहुण्यांची बैठक कार्यालयाची शोभा आहे, असं त्यांच्या अर्जावर उत्तर आलं. शोभा. त्या उत्तराचा क्रमांकही त्यांनीच टाकला.

खुर्ची त्यांच्या टेबलामागे भिंतीला लावून ठेवलेली असते. पाठीवर त्यांनी कागद चिकटवलाय, हलवू नये. तरी महिन्यातून एकदा साहेबांकडे पाहुणे जास्त येतात आणि कोणीतरी ती उचलून नेतं, दोन मिनिटांकरता म्हणून. काल सकाळी पुन्हा तेच झालं. साडेदहाला माझा फोन वाजला.

“वहीवाले, माझी खुर्ची खाली गेलीय,” ताई म्हणाल्या. “टेबलावर सतरा पत्रं आहेत. त्यातलं एक साहेबांचं आहे, आजच जायचंय म्हणे. खुर्ची येईपर्यंत जावक बंद.”

मी साहेबांच्या खोलीत गेलो. खुर्चीवर एक जाडजूड पाहुणे चहा पीत बसले होते. मी त्यांना उठवलं.